दहावा पाट

आमच्या घरी नवरात्रातल्या अष्टमीला कन्याभोजन असतं. गढा या हिंदी वस्तीतल्या आमच्या गल्लीतून नऊ पोरी बोलवायच्या, परातीत त्यांचे पाय धुवायचे, कुंकू लावायचं, पुरी-हलवा-चणे वाढायचे आणि पाया पडायचं, कारण त्या दिवशी त्या देवी. माझी मुलगी नीट बसायला लागली तेव्हापासून पहिला पाट तिचाच. गेल्या वर्षी, दहा वर्षांची असतानाच, तिला पाळी आली. महिन्याभरानं अष्टमी आली.

सासूबाईंनी नऊ पाट मांडले, पहिल्यावर शेजारची चिमुरडी बसवली आणि माझ्या पोरीच्या हातात पाण्याचा जग दिला. "तू वाढ आता. मोठी झालीस."

मी आत पुऱ्या तळून राहिले होते. ऐकलं आणि गप्प बसले. त्याची लाज मला अजून वाटते.

पोर आत आली. "आई, मागच्या वर्षी माझ्यात देवी होती न? मग काहून गेली? माझं काही चुकलं काय?"

मी म्हटलं, आजीला विचार. भित्री कुठली मी.

तिनं विचारलं. पोरी बसलेल्या, एक शेजारीण दारात उभी.

"आजी, देवी किती वर्षांची आहे?"

"देवीला वय नसतं."

"पण गणपती तिचाच मुलगा न? म्हणजे ती पण मोठी झालीच असेल. ती आली तर तिलाही पाणीच वाढायला लावशील?"

"अच्छा, आता देवाधर्मावर तोंड चालवतेस? पाप लागतं असं विचारलं की."

पोरीचं तोंड एवढंसं झालं. मी गॅस बंद केला.

भिंतीला टेकवलेला एक पाट उचलून ओळीत टाकला, तिच्या हातातला जग घेतला आणि तिला बसवलं. शेजारीण म्हणाली, "बहूजी, ये अब कन्या कहाँ रही."

"तो क्या हो गई, वो भी बता दो," मी म्हटलं.

पिठानं माखलेल्या हातांनीच मी पोरीचे पाय धुतले. सासूबाई तोंड फुगवून देवघरात गेल्या. धर्म बुडाला म्हणे. बुडू दे. पोरीच्या पाळीनं जो बुडतो, त्याला मी काहून सांभाळू?

पोरीनं हलव्याचा घास घेतला आणि थांबली. "आई, मग तुझ्यातली पण गेली नसेल न?"

मला हे आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी पदरानं डोळे पुसले.

"आणि आजीतली?"

देवघरात घंटी वाजत होती, ती थांबली.

या अष्टमीला मी बारा पाट मांडणार आहे. दहावा पोरीचा, अकरावा माझा. बाराव्यावर सासूबाई बसतात की नाही, ते त्यांचं त्या बघतील. पाय धुवायला मी आहे.