मामांची घोगरी गिटार

पिकअपमामा कोणाच्याही गिटारची चौकशी डॉक्टरसारखी करत. आधी तारा छेडत नसत. इलेक्ट्रिक गिटार आवाज मोठा करणाऱ्या ॲम्पला जोडून छोट्या स्क्रू-ड्रायव्हरने तारांखालच्या पिकअपवर हलकेच टकटक करत आणि मान तिरकी करून ऐकत. दोन पिकअपपैकी कोणता बोलतो, कोणता मुका आहे, हे त्या टकटकीवरून कळे. मग होकायंत्र जवळ नेऊन चुंबकाचं कुठलं टोक वर आहे ते बघत, आणि शेवटी काट्याचा जुना मीटर लावत. एवढं झालं की पिकअप कोणत्या घराण्याचा ते सांगत. सांगताना चेहऱ्यावर जो भाव येई, तो मी मुंज ठरवणाऱ्या भटजींच्या चेहऱ्यावरच पाहिला आहे.

मामा मूळचे पेडण्याचे. गोव्यातच डिचोलीला खाणीवरच्या गाड्यांची वायरिंग सांभाळायचे. खाणी बंद पडल्यावर त्यांनी घराच्या गेटवर पाटी लावली : ‘येथे पिकअप तपासून दुरुस्त करून मिळेल.’ लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याची तार हजारो वेढे गुंडाळलेल्या, गिटारच्या तारेचा आवाज पकडणाऱ्या डबीलाही पिकअप म्हणतात, हे डिचोलीत कोणाला ठाऊक असणार? पहिलं गिऱ्हाईक सावंतवाडीहून भाजी घेऊन येणारा ड्रायव्हर होता.

“मामा, हॉर्न वाजणा नाय.”

“माझो पिकअप बोटाएवढो रे! तुझो चार चाकांचो.”

“मग पाटयेर तसा लिवा मरे!”

मामांनी हॉर्न दुरुस्त करून दिला, पाटी मात्र बदलली नाही. नाव तेव्हापासून चिकटलं.

हळूहळू हरमल-मोरजीच्या किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये वाजवणारी मुलं येऊ लागली. त्यांना वाटे, पिकअप तारांच्या जितका जवळ तितका आवाज मोठा. मामा बाजूचा स्क्रू पाव वळसा सोडून पिकअप खाली उतरवत आणि म्हणत, “चुंबक तारेक मिठी मारता. मिठीत गाणा मरता.” वायरच्या रंगांवर त्यांचा विश्वास नव्हता. “दर एका कंपनीचो तांबडो वेगळो. रंगावरून जात सांगणारो गाढव.” आणि पिकअपचं झाकण उघडून आत बघू या, असं कोणी सुचवलं की ते खवळत. “आंबो मानकुराद आसा की ना, तो कोण कापून बघता रे?”

त्यांची स्वतःची गिटार त्यांनी हरमलला, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी माणसाकडून घेतली होती. पिकअपवर नाव नव्हतं. खालच्या तारा घोगऱ्या वाजत, घसा बसलेल्या माणसासारख्या. पेडण्याच्या आमच्या गावच्या जत्रेतल्या नाटकात राजाचा मुलगा मरे, तेव्हा मामा ती घोगरी तार एकदाच छेडत. समोर चटयांवर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावत. मी त्या नाटकात वर्षानुवर्षं दूत होतो. मृत्यूची बातमी मीच आणायचो, पण ती लोकांना पटायची मामांच्या तारेमुळे.

मांद्र्याला पुण्याचे एक गृहस्थ बंगला घेऊन राहायला आले. त्यांनी गिटारी काचेच्या कपाटांत ठेवल्या होत्या. वाजवायची कोणाला परवानगी नव्हती; आपण देव्हाऱ्यात ठेवलेल्या देवांनाही फार बोलू देत नाही. मामांनी त्यांच्या प्रत्येक गिटारच्या पिकअपचं कुळ सांगितलं. चार पाहुण्यांसमोर ते गृहस्थ हसून म्हणाले, “जगाची जात सांगता मामा, आणि स्वतःच्या गिटारीत काय आहे तेवढं माहीत नाही?”

मामा विद्वान होते. विद्वानाला हे सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या पिकअपच्या झाकणाचा कथलाचा डाग वितळवला. आतल्या मेणाने झाकण कॉइलला, म्हणजे तारेच्या गुंडाळीला, चिकटलं होतं. ओढताच बारीक तार तुटून झाकणासोबत आली. मीटर लावला. काटा जागचा हलला नाही; पिकअप मुका झाला होता.

मी संध्याकाळी गेलो तर मामा भिंग घेऊन बसले होते. “कंपनीचो नाय आणि नकलीय नाय,” ते म्हणाले. “कोणी तरी हातान परत गुंडाळलो. खंय सैल, खंय घट्ट, वेढ्यार वेढो. आळशी माणसाचा काम.” भिंग खाली ठेवून म्हणाले, “त्या आळसाचोच तो घोगरो आवाज होतो.”

त्यांनी नवी तार गुंडाळली. जत्रेत गिटार वाजली. दिग्दर्शक खूश. “मामा, एकदम स्वच्छ आवाज!”

“स्वच्छ फरशी पण आसता,” मामा म्हणाले. राजाचा मुलगा नेहमीप्रमाणे मेला. बायका चटईवर पाय पसरून शेंगा सोलत राहिल्या.

मग मामांनी वाईट गुंडाळायचा ध्यास घेतला. डोळे मिटून, डाव्या हाताने, आल्यागेल्याशी गप्पा मारत, एकदा तर तापात फणफणत असताना. गुंडाळून झाली की तार जोडून ऐकत, मान हलवत, पुन्हा सोडत. खाणीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्यभर वळण लागलेला हात तो. वेढा जागेवरच पडायचा. “सरकारी काम समजून करा,” मी सुचवलं.

“तुका थट्टा सुचता. माका वायट करूक जमणा नाय रे,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज इतका लहान झाला की मी पुढचा विनोद गिळला.

त्यानंतर जत्रेच्या नाटकाला त्यांनी की-बोर्डवाला मुलगा पाठवला. गेल्या पावसाळ्यात मामा गेले. बाराव्याला मामांच्या बायकोने, वैनीने, बिस्किटांचा डबा माझ्यापुढे ठेवला. आत कॉइलच कॉइल.

“रोज म्हणत, आज वायट करतंय,” वैनी म्हणाली. “तुका कळता. बघ मरे, एक तरी वायट जमली काय तेंका?”

मी एकेक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. तांब्याचे वेढे रेशमासारखे, एकाशेजारी एक. डबा तळापर्यंत पाहिला.

“नाही वैनी,” मी म्हणालो. “एकही नाही.”