शुक्रवारचं इन्सुलिन

परळच्या एका रुग्णालयाबाहेरच्या बाकावर ती म्हातारी भेटली. इन्सुलिनची बाटली ओल्या रुमालात गुंडाळून, स्टीलच्या डब्यात ठेवून, तिने नैवेद्यासारखी मांडीवर जपली होती. पायाला जाडजूड बँडेज होतं.

“शुक्रवारी मात्र मी सुई टोचत नाही हां,” ती अभिमानाने म्हणाली. “शेजारीण म्हणाली, हे यीस्टमध्ये करतात. म्हणजे आंबवलेलंच की. माझं शुक्रवारचं व्रत, आंबटाला हातसुद्धा लावायचा नसतो.”

माझं डोकंच फिरलं. हेच औषध बनवण्याच्या कारखान्यात मी नोकरी करते!

“आजी, यीस्टमध्ये आम्ही माणसाचं जनुक घालतो. मग ते यीस्ट माणसाच्या शरीरात असतं तसंच इन्सुलिन बनवतं. पुढे ते इतकं शुद्ध करतो, की आंबवण्यातलं काही उरत नाही. शेजारणीचं ऐकून जीव घालवणार आहात का?”

तिने रुमालाचं टोक पुन्हा नीट खोचलं.

“ओरडतेस कशाला गो? डॉक्टरही ओरडतात, साखर वाढली म्हणून. सुई का चुकवते, ते कुणी विचारलं नाही. दोन मिनिटं बसून समजावलं ते त्या शेजारणीनेच.”

माझा राग अजून उतरलेला नाही. शेजारणीवरचा तेवढा उतरला.