कणसाचा वास आणि अल रुवैसचे मासे

कतारला जूनमध्ये कोण जातं? मी गेले. तिकीट स्वस्त मिळालं हे एक कारण, आणि आई हे खरं कारण.

माझा धाकटा भाऊ पराग आठ वर्षं तिथे आहे, गॅस प्रकल्पावर इंजिनिअर. कॉलेजपासून मेंथॉल सिगरेट ओढायचा. "ही थंड असते ताई, घशाला लागत नाही," हे त्याचं तत्त्वज्ञान. आमचे बाबा सिगरेटीपायीच गेले, फुफ्फुसं निकामी होऊन, तरी याची सुटली नाही. मग गेल्या वर्षी फोनवर जाहीर केलं, "आई, सिगरेट सोडली." दिवाळीत नाशिकला आला तेव्हा आईने धुवायला टाकलेला त्याचा शर्ट हुंगला. मला हळूच म्हणाली, "पेपरमिंटचा वास गेलाय गं. पण कणीस भाजल्यासारखा काहीतरी येतोय. तू एकदा जाऊन बघून ये. तुझ्याशी तो खोटं बोलत नाही."

म्हणजे मी पर्यटक कमी आणि हेर जास्त. (व्हिसाचे नियम बदलत राहतात, निघण्याआधी नक्की बघा. आणि सुती कपडेच न्या.)

पराग दोह्याजवळच्या मुऐदर भागात राहतो, एका व्हिलाच्या वरच्या मजल्यावर. पोचले त्याच संध्याकाळी गच्चीच्या दाराशी तोच वास आला. भाजलेलं कणीस. दार ढकललं तर साहेब हातात पेनाएवढं यंत्र घेऊन उभे.

"हे काय रे?"

"सिगरेट नाही ही," तो घाईने म्हणाला. "तंबाखू जळत नाही, नुसती तापते. मेंथॉलचीच चव आहे. धूर नाही, राख नाही."

माझी नऊ वर्षांची भाची मागून म्हणाली, "आत्या, इट्स ओन्ली स्टीम." घोकवून घेतलेला धडा असावा.

तर आधी थंड म्हणून निर्धोक, आता गरम म्हणून निर्धोक. तंबाखू तीच, तलफ तीच. शिवाय हे यंत्र कतारमध्ये कायद्याने चालत नाही. ऑफिसातला कुणीतरी दुबईहून आणून देतो. आपल्याकडेही बंदी आहे, तेव्हा वाचकहो, असलं काही बॅगेत घालायच्या भानगडीत पडू नका. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. रात्रीचं पिठलं-भात पटकन उरकून सगळे झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी पहाटे चारला आम्ही दोघंच अल रुवैसला निघालो. उत्तरेचं हे छोटं बंदर, मुऐदरपासून सव्वा तास. रस्ता असा गुळगुळीत की डबा मांडीवर ठेवून पोहे खाल्ले, एक दाणा सांडला नाही. उम्म सलाल मोहम्मद हे गाव मागे पडल्यावर उजाडलं, आणि पराग बोलला.

"आईला सोडली म्हणूनच सांग ना. सिगरेट तर सोडलीच आहे."

"बघू," मी म्हणाले.

उन्हाळ्यात इथून व्हेल शार्क बघायला बोटी जातात. तिकीट चांगलंच महाग आहे, जागा आधी राखून ठेवावी लागते. बोटीचे कप्तान बशीरभाई, केरळचे. चढतानाच त्यांनी बजावलं, "सिगरेट, मशीन, सब बंद. आगे गॅस का इलाका है. खलास."

"याला ज्योत कुठे असते," पराग माझ्या कानाशी पुटपुटला. पुढचे तीन तास त्याचा हात सारखा खिशाकडे. यंत्र चाचपायचं, हात बाहेर, पुन्हा आत. मोबाइल हरवलेल्या माणसासारखा बसला होता. मला राग यायचा तो दया येऊ लागली.

पावणेनऊला बशीरभाईंनी इंजिन बंद केलं. समुद्र तव्यासारखा सपाट. "मॅडम, अभी देखो."

आधी एक सावली आली. मग दुसरी. मग मी मोजायला लागले आणि चाळीसवर सोडून दिलं. शाळेच्या मिनीबसएवढे मासे, तोंडं उघडी ठेवून शांतपणे पाण्यावर तरंगणारी माशांची अंडी गिळत निघालेले. पाठीवर पांढरे ठिपके, कुणीतरी निगुतीने बसून रांगोळीसाठी काढावेत तसे. एक तर बोटीखालून इतका सावकाश गेला की तो संपेचना. एवढा मोठा जीव, आणि कुणाला काही करत नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते मला सांगता येणार नाही. बोटीत वीसेक माणसं होती, सगळी पाण्यावर वाकलेली.

परागने दोन्ही हातांनी कठडा धरला होता. "ताई," एवढंच म्हणाला, लहानपणी म्हणायचा तसं. नंतर परतताना अखंड बडबडत होता, ते ठिपके प्रत्येक माशाचे वेगळे असतात, पुढच्या वेळी आईला आणू, वगैरे. मी त्याचा हात बघत होते. तो खिशाकडे गेला नाही.

पाऊण वाजता धक्क्याला लागलो. टपरीवर दोन-दोन रियालचा करक चहा घेतला, आपल्या मसाला चहाचा दाट भाऊ. अर्धा पेला झाल्यावर तो एकदम थबकला. "ताई, मी सकाळपासून ओढलीच नाही."

"माहीत आहे. आणि शेवटचे चार तास तुला आठवलीही नाही."

त्याने यंत्र काढलं, बराच वेळ नुसतं हातात धरलं. आणि मग गाडीआड जाऊन ओढलीच. खोटं कशाला लिहू.

पुढचे चार दिवस बाजार, संग्रहालय, समुद्रकाठ असं बरंच पाहिलं, छान होतं. पण डोळे मिटले की अजूनही ते ठिपकेच दिसतात.

नाशिकला आले. आईने बॅग उघडायच्या आधीच विचारलं, "सुटली?"

उत्तर विमानातच ठरवलं होतं. "नाही आई. सिगरेटच्या जागी दुसरं यंत्र आलंय, तंबाखूचंच. तोच तो कणसाचा वास. पण समुद्रावर मासे बघताना चार तास विसरला होता. मी स्वतः पाहिलं."

हातातल्या पिशवीतून आणलेला खजुराचा डबा मी आईला दिला होता. तो तिने न उघडताच बाजूला ठेवला.

"चार तास?" ती म्हणाली. "ह्यांना शेवटपर्यंत एक तास जमला नाही."

मग पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "लाव त्याला फोन. ते मासे कसे होते ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. सगळं, सावकाश."