तिसऱ्या दिवसाचा फोटो

परदेशातल्या एका अनोळखी संशोधकाची मेल आली. चारच ओळी, अतिशय सभ्य. तुमच्या निबंधातले दोन फोटो एकच दिसतात, एक फक्त फिरवलेला आहे. कृपया खुलासा करावा.

तो निबंध म्हणजे माझी सगळी पुण्याई होती. म्हशीच्या चिकातलं एक प्रथिन आपल्या रोगप्रतिकारक पेशींना कसं जागं करतं, यावरचा. मी विद्यापीठात इम्युनॉलॉजी शिकवते. माझं बाकीचं लिखाण फारसं कुणी वाचलं नाही, पण या निबंधाचा दाखला जगभरातले संशोधक देत होते. दाखल्यागणिक माझ्या नावापुढचा सायटेशनचा आकडा वाढायचा आणि सकाळी चहाआधी तो बघायची मला सवय लागली होती. त्याच आकड्याच्या जोरावर मी प्राध्यापकपदासाठी अर्ज केला होता. मुलाखत सोमवारी होती. मेल आली गुरुवारी.

खोलीचं दार लावून मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवले. एक फिरवला. कोपऱ्यातली वाकडी पेशी, तिच्याजवळचा ठिपका, सगळं तंतोतंत जुळलं. पहिल्या दिवसाच्या आणि तिसऱ्या दिवसाच्या पेशी म्हणून आम्ही एकच फोटो छापला होता. मी हादरले. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं, कारण निबंधावर पहिलं नाव माझ्या विद्यार्थिनीचं होतं. प्रयोग तिनं केले होते. ती आता गडहिंग्लजला कॉलेजात शिकवत होती. चूक तिचीच, असं मी ठरवूनही टाकलं.

फोनवर बोलण्यासारखं नव्हतं. शनिवारी सकाळी कोल्हापूरहून एसटीनं निघाले. कागल मागं पडलं तरी मी तिला काय विचारायचं याचीच उजळणी करत होते.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. "या की मॅडम. ऊन लई हाय, आधी पानी घ्या."

पाणी तसंच राहिलं. मी कागद विद्यार्थिनीच्या पुढ्यात ठेवला. "हे कसं झालं गं?"

तिनं दोन्ही फोटो पाहिले. मग आत गेली आणि प्रयोगाची जुनी वही घेऊन आली. एका पानावर बोट ठेवलं. "तिसऱ्या दिवशी पेशींना बुरशी लागलती, मॅडम. फोटो काढलाच न्हाई. तुमाला सांगितलतं की मी."

"मग हा आला कुठून?"

तिनं वही मिटली. मग विभागात बोलायची तसं, जपून म्हणाली, "आकृत्या तुम्ही जुळवल्या होत्या."

तेव्हा आठवलं. रिकामी चौकट वाईट दिसत होती, म्हणून मी पहिल्या दिवसाचा फोटो तिथं टाकला होता. खरा आला की बदलू, असं म्हणून. सारखा दिसतो म्हणून फिरवलाही होता. मग पाठवायची घाई झाली.

"छापून आल्यावर तू बघितलं नाहीस?"

"बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही प्रयोग परत करून घेतला असणार. विचारायचं धाडस न्हाई झालं. नोकरी लागायची होती." तिचा आवाज चढला. "आता पहिलं नाव माझं हाय. माझी नोकरी गेली तर?"

"मी तुझ्या प्राचार्यांना पत्र लिहिते. चूक माझी, असं."

"आधी ते लिहा."

तिच्यासमोर बसून मी आधी ते लिहिलं. मग नियतकालिकाच्या संपादकांना लिहिलं. फोटो फिरवला होता, हे एक वाक्य मी दोनदा खोडलं. ती बघत होती. तिसऱ्यांदा लिहिलं आणि पाठवून दिलं.

सोमवारी समितीपुढं बसल्या बसल्या मी सगळं सांगितलं. एका ज्येष्ठ सदस्यांनी चष्मा काढला. "हे आजच सांगायची गरज होती का?"

"होती," मी म्हणाले.

पद मिळालं नाही. निबंध मागं घेतला गेला. विभागात चहाच्या वेळी मी गेले की बोलणी थांबायची. तिच्या कॉलेजात चौकशी झाली. त्या वहीमुळं ती सुटली.

काही महिन्यांनी तिचाच फोन आला. "मॅडम, प्रयोग परत करूया. सुट्टीच्या दिवशी येईन मी." कितीतरी रविवार ती एसटीनं कोल्हापूरला येत राहिली. शेवटी एका दुपारी सूक्ष्मदर्शकावरून मान वर न करता म्हणाली, "परिणाम हाय. पण लई थोडा हाय. आपण लिहिलेलं तेवढा न्हाई."

मी स्वतः पाहिलं. ती म्हणत होती ते खरं होतं.

नवा निबंध एका लहान नियतकालिकात आला. त्याचा दाखला फारसा कुणी देत नाही. आकृत्या तिनं जुळवल्या. मला दाखवल्या, पण हात लावू दिला नाही.