दुसरा ठसा

गळ्यात हार पडला की माणसाची मान आपोआप खाली जाते. त्यामुळे सत्काराच्या दिवशी रक्षाची मान खालीच होती, यात कुणाला काही वावगं दिसलं नाही. उलट 'पोरगी केवढी नम्र आहे' असं दोघातिघांनी तिच्या वडिलांना ऐकवलं. कैलासरावांचं सिंदी मेघेत मोटारपंपाचं दुकान. पाडव्यालाही अर्धं शटर उघडं ठेवणारा हा गृहस्थ त्या दिवशी दुपारीच दुकान बंद करून पहिल्या रांगेत येऊन बसला होता.

क्लबचे अध्यक्ष प्रभाकरराव यांनी जन्मात रॅकेट धरली नव्हती, पण माइक धरण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. वर्ध्याची कन्या, व्यावसायिक टेनिसमधलं तिचं पहिलं मोठं यश, मातीच्या कोर्टावर मातीतल्या मुलीने मिळवलेला विजय, असं ते वीस मिनिटं बोलले. मग त्यांनी दुसरी शाल मागवली आणि नत्थूजींना वर बोलावलं.

नत्थूजी म्हणजे नालवाडीच्या कोर्टाचे माळी. चाळीस वर्षांपूर्वी बोरी-बाभळी काढून त्यांनीच ते कोर्ट केलं. काळी माती उन्हात भेगाळते म्हणून ती उपसून टाकली, मुरूम भरला, वर विटांचा चुरा चाळून पसरला. उन्हाळ्यात वर्धा तापलं की रोज दोनदा पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, ओलं तरट ओढायचं आणि चुन्याच्या रेषा पुन्हा मारायच्या. घरच्या अंगणाला सारवण घालावं तसं ते कोर्टाला जपत.

"मले भाषन येत नाई," नत्थूजी माइकपासून हातभर लांब उभे राहून म्हणाले. "आता डोयेबी गेले. चहाचा कप चाचपून धरतो. कोर्टावर पोट्ट्याईचं भांडन लागलं तं मले काई दिसत नाई. पर रक्षा आली. थे सांगन, आत का बाहेर. तिच्यावानी ठसा वाचनारं म्या दुसरं पाह्यलं नाई."

टाळ्या वाजल्या. रक्षाला मात्र जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं.

हा ठसा काय प्रकार आहे तो सांगायला हवा, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं. सिमेंटच्या कोर्टावर चेंडू पडतो आणि काही मागे न ठेवता निघून जातो. मातीवर तो पडला की खूण राहते. एकाच जागी दहा चेंडू पडले की दहा ठसे होतात, आणि त्यातला आत्ताचा कोणता हे ओळखणं ही खरी विद्या. ताज्या ठशाची कड धारदार असते, आतली माती जराशी ओली, गडद दिसते. जुन्याची कड ढासळते आणि रंग उडतो. जोरात सरपटत आलेला चेंडू लांबट खूण करतो, उंचावरून पडलेला गोल. रक्षाला हे सगळं नत्थूजींनी नवव्या वर्षी उकिडवं बसून शिकवलं. नियम एकच होता, की ज्याच्या बाजूला चेंडू पडला त्याने समोरच्याला बोलावून ठसा दाखवायचा. अकराव्या वर्षी रक्षाची ख्याती अशी झाली, की वकील आणि डॉक्टर लोक खेळता खेळता भांडले की तिलाच हाक मारत.

फटके तिला पुढे नागपूरच्या कोचनी शिकवले, पण माती शिकवली ती नत्थूजींनी. मातीवर चेंडू हळू येतो, उंच उडतो, तिथे जोर दाखवणारा दमतो. रक्षाची रीत ठरलेली. रेषेच्या दोन पावलं मागे उभं राहायचं, पाय घसरवत चेंडूपर्यंत पोचायचं आणि पहिले सात-आठ चेंडू नुसते परत द्यायचे. समोरचीला वाटतं, ही काहीच करत नाही. मग ती कंटाळते, घाई करते आणि चुकते. इतर मुली मातीवरच्या स्पर्धा टाळत, रक्षा शोधून शोधून खेळत असे. चोविसाव्या वर्षापर्यंत तिने याच जोरावर तग धरला होता. मोठं काही हाती लागलं नव्हतं, एवढंच.

पंधरा दिवसांपूर्वी दक्षिणेतल्या एका स्पर्धेत ती पात्रता फेरीचा शेवटचा सामना खेळत होती. जिंकली तर मुख्य स्पर्धा, हरली तर रात्रीची गाडी. असल्या फेऱ्यांना प्रत्येक कोर्टावर पंच नसतो. आपल्या बाजूचा चेंडू आत की बाहेर हे आपणच सांगायचं असतं. समोर सतरा वर्षांची एक सडसडीत मुलगी होती. निर्णायक टायब्रेक सुरू होता, रक्षा नऊ-आठने पुढे होती आणि एक गुण मिळाला की सामना तिचा होता. त्या मुलीने बावीस-तेवीस फटके धीर धरला आणि मग कडेच्या रेषेलगत असा काही चेंडू मारला, की रक्षा घसरत गेली तरी तो हाती लागला नाही.

"आउट," रक्षा म्हणाली. तोंडातून निघून गेलं. तोवर फार काही बिघडलं नव्हतं, डोळे कुणाचेही फसतात.

मुलगी म्हणाली, ठसा दाखव. रक्षाने खाली पाहिलं. ताजा ठसा रेषेला चांगला बोटभर चिकटून होता, म्हणजे चेंडू आत, आणि त्याच्या बाहेर चार बोटांवर दुसरा होता, मागच्या गेममधला, कड ढासळलेला. रक्षाला दोन्ही ओळखू आले. घरातली दोन माणसं ओळखू यावीत इतके स्पष्ट. तिने रॅकेटचं टोक दुसऱ्या ठशावर ठेवलं.

मुलगी जाळी ओलांडून आली, वाकली. तिला कुणी नत्थूजी भेटले नसावेत. तिने त्या ठशाकडे पाहिलं, मान हलवली आणि "सॉरी" म्हणाली. वर हात मिळवला.

त्या 'सॉरी'ने रक्षाचा पिच्छा सोडला नाही. पुढे मुख्य स्पर्धेत तिने दोन सामने स्वच्छ खेळून जिंकले, पेपरात फोटो आला, पण मनाला एकच गोष्ट खात राहिली. तो चेंडू आत दिला असता तर ती हरलीही नसती. नुसते नऊ-नऊ झाले असते! एवढ्यासाठी तिने शेण खाल्लं होतं, आणि तेही ज्या विद्येवर वाढली त्याच विद्येने. ठसे ओळखता आले नसते तर नेमका चुकीचा ठसा दाखवताही आला नसता.

सत्काराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नालवाडीच्या कोर्टावर गेली. जानेवारीची थंडी होती. नत्थूजी सत्काराची शाल पांघरून हौदाशी पाइप गुंडाळत होते. कोर्टावर दहा वर्षांच्या आचल आणि रीता खेळत होत्या. पाच मिनिटांत त्यांचं वाजलं. आचल म्हणे बाहेर, रीता म्हणे आत. मग दोघी एका सुरात ओरडल्या, "रक्षाताई, तुमी सांगा!"

रक्षा गेली. ठशापाशी उकिडवी बसली. तीन ठसे होते. बोट पुढे झालं आणि तिथेच अडलं. त्या दोघींचे चेहरे इतक्या भरवशाने तिच्याकडे लागले होते, की तिला तिथे बसवेना. "थांबा, पाय देऊ नका," एवढंच म्हणून ती उठली आणि हौदाकडे आली.

"नत्थूजी, मी खोटं बोलली."

"कोनाले?"

"तिकडं मॅचमधी. त्या पोरीले. चेंडू आत होता. मी बाजूचा जुना ठसा दाखवला."

नत्थूजींचे हात पाइपवर थांबले. "ऊन असन डोयावर," ते सावकाश म्हणाले. "तुले वयखू आला नसन."

म्हाताऱ्याने तिच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. होय म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"आला होता. दोनी वयखू आले होते."

"तिनं पाह्यला?"

"पाह्यला. सॉरी म्हणून गेली."

"मंग तिले सांगतलं का तू?"

"नाई."

ते रागावले असते, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर रक्षाला सोपं गेलं असतं. त्याऐवजी त्यांनी अंगावरची शाल काढली, घडी घातली आणि हौदाच्या कठड्यावर ठेवली. मग सदऱ्यावरच, थंडीत, कोर्टाकडे चालू लागले.

"मी पाहतो नं," रक्षा मागून म्हणाली. "तुमाले दिसत नाई."

नत्थूजींनी मागे पाहिलं नाही. मुलींपाशी जाऊन ते चेंडू कुठे पडला ते विचारत गुडघ्यांवर बसले, मग पार ओणवे झाले. उजव्या हाताचं एक बोट त्यांनी रेषेच्या चुन्यावरून अलगद सरकवत नेलं. पहिल्या ठशाची कड चाचपली, सोडून दिली. दुसऱ्याची चाचपली. तिसऱ्यापाशी बोट थांबलं, आतल्या मातीवर टेकलं, पुन्हा कडेवर आलं. बराच वेळ गेला. रक्षाला तो ठसा दोन हातांवरून दिसत होता, उत्तरही ठाऊक होतं, आणि ते तिला कुणीही विचारत नव्हतं.

"आत," नत्थूजी म्हणाले.

बरोबर होतं. आचलने कुरकुर न करता मान्य केलं. उठताना त्यांचा तोल गेला, तसा रक्षाने धावत जाऊन हात पुढे केला. त्यांनी तो दिसला नाही असं केलं, की खरंच दिसला नाही, कोण जाणे. ते आचलच्या खांद्याला धरून उठले.