अक्कानं टाकलेला शब्द

अन्याय झाला तो आमच्या अक्कावर. कधी झाला तेही सांगते. गेल्या लोकसभेला, अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, दुपारी तीनला दहा मिनिटं कमी असताना. तीनला मुदत संपत होती. अक्का तेव्हा चुलीपुढं भाकऱ्या थापत होती, आणि आमचा उमेदवार कलेक्टर कचेरीत माघारीच्या अर्जावर सही करत होता.

संध्याकाळी तो समोरच्या पक्षाचं उपरणं गळ्यात घालून फोटोत हसत होता. ज्यांच्या नावानं आमच्या चौकात त्यानं शंख केला होता, त्यांनाच पाठिंबा. आता निवडून येण्यासारखे दोनच उरले, आणि त्या दोघांची सालटी मीच पत्रकात काढली होती. पत्रकं लिहिणं हे माझं काम. एका पानावर आमच्या माणसाचे गुण, मागच्या पानावर त्या दोघांचे अवगुण. मागचं पान लिहायला मला जास्त आवडायचं, खोटं कशाला बोलू?

अक्का माझी नात्यातली नव्हे, सगळ्या गल्लीची अक्का. घरात कन्नड, उंबऱ्याबाहेर मराठी. कडक भाकऱ्या करून नवी पेठेतल्या दुकानांना घालते. पण गल्लीत तिची किंमत भाकरीमुळं नाही, शब्दामुळं आहे. भाड्यानं खोली हवी, अक्कानं शब्द टाकायचा. पोरीला चिंचोळी एमआयडीसीतल्या कपड्यांच्या कारखान्यात काम हवं, अक्कानं शब्द टाकायचा. तिच्या शब्दावर लोक अनोळखी माणसाला घराची किल्ली देतात. तोच शब्द तिनं आमच्या उमेदवारासाठी दारोदार जाऊन टाकला होता. मीच तिला गळ घातली होती. तिनं पत्रक माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाली, "बरं. सांगते मी लोकान्ला."

माघारीची बातमी कळल्यावर मी तावातावानं तिच्याकडं गेले. निषेधाचं पत्रक काढू, चौकात घोषणा देऊ, पुतळा जाळू, असं बरंच काही बोलले. ती तव्यावरची भाकरी दाबत राहिली.

"पाणी कधी हाय?" तिनं विचारलं.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येतं त्या दिवशी सगळी गल्ली घरात सापडते. पाणी दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. ती म्हणाली, "मग उद्या चल माज्यासंगं."

"कुठं?"

"शब्द टाकलेत न्हवं? उचलाया."

मला वाटलं, बोलण्याची रीत असेल. सकाळी तिनं खरंच चप्पल घातली, पदर खोचला आणि निघाली. जिथं जिथं मत मागितलं होतं, त्याच दारांत. नळाखाली घागरी लागलेल्या, पाइप ओढायची ओरडाआरड, आणि अक्का प्रत्येक उंबऱ्यापाशी उभी राहून एकच सांगत होती: "त्या माणसाला मत द्या म्हणून मी शब्द टाकला हुता. तो मी उचलून घेते. तुमी आता मोकळ्या."

चादरी विणणाऱ्या घरातली म्हातारी खो खो हसली. त्यांच्या घरात तेलुगू. मराठी ती आमच्यासाठी बोलायची. "अगं अक्का, चादर हाय की ही सगळी! वरनं लाल, खालनं पांढरी. पालथी घाल, वरनं पांढरी, खालनं लाल. फुलं तीच! तू कशाला उन्हात वाळतीस? चहा घे."

"चहा ब्याड," अक्का कन्नडात नाही म्हणाली आणि पुढं झाली.

पुढच्या घरातल्या सुनेनं हंडा तसाच कमरेवर ठेवून विचारलं, "मग आता द्यायचं कुणाला?"

"ते मला नगं इचारू."

"असं कसं? दोघंबी तसलेच म्हणत हुता की तुमी."

"तसलेच हायेत. पर मत तुजं हाय. मी एकदा सांगून चुकले, आता डोकं तू चालीव."

सून चिडली. "सगळ्यांनी मिळून आमच्यावरच टाका!" म्हणाली. तिचा राग खरा होता. कुणीच बरा नसताना निवड करा म्हणणं ही चेष्टाच आहे, हे मी आजही म्हणते. पण त्या चेष्टेचा जाब द्यायला तिच्या दारात अक्का उभी होती. उमेदवार नव्हता, पक्षाचा एकही माणूस नव्हता.

शेवटचं घर रिक्षावाल्याचं. अक्काच्या शब्दावर त्यानं समोरच्या पक्षाचा फलक रिक्षाला लावू दिला नव्हता, चांगलं भाडं सोडलं होतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि नळ बंद केला. वाहतं पाणी कुणी बंद करत नाही आमच्याकडं, म्हणून मी घाबरले.

"अक्का, माझ्या पोरीसाठी चिंचोळीत शब्द टाकलाय तुमी. सोमवारी जायची हाय ती. तो पण उचलणार काय?"

शेजारच्या दारातल्या बायका घागरी सोडून पुढं आल्या. अक्काचं तोंड उतरलं. त्या एका प्रश्नात तिचं सगळंच होतं. हा शब्द खोटा, तर मग बाकीचे कशावरून खरे?

ती म्हणाली, "तिथं मी सोता जाऊन बसले हुते. बाया कुटं जेवत्यात, संडासाला कडी हाय का, समदं बघितलं आणि मग बोलले. ह्या उमेदवाराला मी जवळनं बघितलाच न्हवता. हिचा कागद ऐकून बोलले. ते चुकलं. तिथलं न्हाय चुकलं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "मग ह्या बाईसाहेबांचा कागद?"

"तिचं ती बोलंल."

मी म्हणाले, "मागचं पान खरं आहे, दादा. पुढचं फाडा."

त्यानं खरंच घरातून पत्रक आणलं. पण पुढचं पान फाडायला गेलं की मागचंही फाटतं. त्यानं कागद उलटा केला, सुलटा केला, आणि हसायलाच लागला. बायकाही हसल्या. मग त्यानं नळ सोडला आणि अक्काला म्हणाला, "सोमवारी पोरीला मीच रिक्षातनं सोडतो. तुमी पन चला, तिला धीर येईल."

अक्कानं मान हलवली आणि भिंतीला टेकून खाली बसली. एवढी थकलेली मी तिला चुलीपुढंही कधी पाहिली नव्हती.

मी मोठमोठ्या सभा पाहिल्यात. नेता स्टेजवर चढला की अंगावर काटा येतो, तो अनुभवही घेतलाय. त्या सकाळी आला तसा काटा पुन्हा कधी आला नाही. लोकांकडं मत मागायला जाणारे मी ढिगानं पाहिले. मागितलेलं परत द्यायला जाणारी एकच.

मतदानाला आम्ही भर उन्हात एकाच रांगेत होतो. यंत्रापुढं मी 'वरीलपैकी कोणीही नाही' दाबलं. समाधान झालं नाही, रागही गेला नाही. अक्कानं काय दाबलं ते तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

तुम्हीही कुणासाठी तरी कुणाकडं मत मागितलं असेल. शेजाऱ्याकडं, भावाकडं, घरी कामाला येणाऱ्या मावशींकडं. तो माणूस तसा निघाला नाही, हे तुम्हाला केव्हाच कळलंय. मोबाइलवर शिव्या घालून ते फिटत नाही. उठा, चप्पल घाला आणि त्या दारात जाऊन सांगा, की मी टाकलेला शब्द उचलून घ्यायला आलोय. आजच जा.