जिनावाणीचं दुसरं प्रसारण

स्वाइन फ्लूच्या साथीत नाशिकच्या शाळा बंद झाल्या, तेव्हा मी तिसरीच्या वर्गाला शिकवत होते. आदल्या दिवशी वर्गात पस्तीस पोरांपैकी एकोणीसच आली होती आणि त्यातली निम्मी नाकाला रुमाल बांधून, रुमालात कापराची वडी ठेवून बसली होती. पाढे म्हणायला लावले तर सगळे पाढे रुमालातच अडकायचे. दुसऱ्या दिवशी सुट्टीचं कळलं आणि खरं सांगायचं तर मला आधी आनंदच झाला. गणपती दोन आठवड्यांवर आले होते आणि घर आवरायचं राहिलं होतं.

तो आनंद संध्याकाळपर्यंत टिकला. नवरा अंबडच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम बघायचा. तिथे तो दोनदा शिंकला म्हणून साहेबांनी त्याला घरी पाठवलं आणि घरी आल्यावर अंग खरंच तापलं. आमच्या डॉक्टरांनी लांबूनच त्याचा घसा बघितला, छाती तपासली. म्हणाले, "साधाच दिसतोय. पण दिवस असे आहेत, सात दिवस वेगळ्या खोलीत राहा. दम लागला तर लगेच मला फोन."

झालं. नवरा मागच्या खोलीत आणि बाहेर आम्ही तिघी. मी, आठ वर्षांची लेक आणि सासूबाई. ताट दाराशी ठेवायचं, दार वाजवायचं आणि चार पावलं मागे सरायचं. टीव्हीवर दिवसभर त्याच बातम्या. पुण्यात अमुक, मुंबईत तमुक. सासूबाई टीव्हीसमोर बसून पदराने डोळे पुसायच्या, मी तो बंद करायचे, त्या परत लावायच्या. तिसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला, पण तोवर लेकीचा धीर संपला होता. ती बंद दारासमोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही काहीतरी बोला ना."

"काय बोलू?" आतून आवाज आला.

"काहीही."

"मला फार कंटाळा आलाय," तो म्हणाला.

त्याच दुपारी मी कपाटावरचं सामान काढत होते. माझ्या आईने मागच्या दिवाळीला एक कापडी पिशवी माझ्याकडे लोटली होती, "तुझा कचरा तू सांभाळ" असं म्हणून. ती मी उघडलीसुद्धा नव्हती. लेकीने उघडली. आत अकरा कॅसेटी आणि माझ्या माहेरचा जुना टेपरेकॉर्डर. एका कॅसेटवर निळ्या शाईत माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: जिनावाणी, भाग चार.

"जिनावाणी म्हणजे काय गं आई?"

मी स्टुलावरून खाली उतरले आणि तिथेच फरशीवर बसले.

मी आठवीत होते आणि धाकटा भाऊ सहावीत, तेव्हा आम्ही गंगापूर रोडला एका तीन मजली इमारतीत राहायचो. जिन्याखाली सायकली ठेवायला एक अंधारी जागा होती. त्या जागेत आवाज घुमायचा, अगदी रेडिओवर येतो तसा. हा शोध भावाचा. त्याने एकदा तिथे उभं राहून हवामानाचा अंदाज सांगितला, "आज दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंची धुणी वाळण्याची शक्यता कमी आहे," आणि त्या दिवशी आमचं केंद्र सुरू झालं. लाल बटण आणि प्लेचं बटण एकदम दाबायचं, की तो म्हणायचा, "हे जिनावाणीचं नाशिक केंद्र आहे." मग मी बातम्या द्यायचे. कोणाचा कुकर किती शिट्ट्या देऊन फुस्स झाला, कोणाच्या घरी पाहुणे आले आणि अजून गेले नाहीत. सुपात तांदूळ हलवून पाऊस पाडायचो, पत्र्याचं ताट वाकवून गडगडाट करायचो. मखमलाबादकडून एक भाजीवाल्या मावशी यायच्या, स्वतःच्या मळ्यातली मेथी आणि शेवंतीची फुलं घेऊन. त्यांची मुलाखत घ्यायची ठरवलं, तर आधी त्या "मला काय बोलता येतंय?" म्हणून लाजल्या आणि मग कॅसेटची अख्खी बाजू संपली तरी थांबेनात.

नव्या कॅसेटी मिळायच्या नाहीत. म्हणून आम्ही घरातल्या जुन्या कॅसेटींच्या खाचांवर चिकटपट्टी लावून त्यांच्यावरच रेकॉर्ड करायचो. बाबांची भजनं अशी गेली. कोणाच्या लक्षात आलं नाही. पण एका रविवारी मामा-मामी आले. बाबांनी हौसेने त्या दोघांच्या लग्नातली मंगलाष्टकं लावली. भटजींनी छान सूर लावला, "कुर्यात् सदा..." आणि पुढे भावाचा आवाज, "हे जिनावाणीचं नाशिक केंद्र आहे. आता ऐका बाजारभाव."

मामी रडली. बाबा ओरडले नाहीत. त्यांनी टेपरेकॉर्डर उचलला, कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात टाकली. पुढे माझं दहावीचं वर्ष आलं, मग घरात केबल आली आणि कपाट उघडायला कोणी सांगितलंही नाही.

हे सगळं मी लेकीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग लाव ना!"

लावला. चाक जागचं हललं नाही. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकटला होता. लेकीचं तोंड पडलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला, "काय झालं? काय बिघडलंय?" तीन दिवसांत पहिल्यांदाच त्या आवाजात जीव होता. "दाराशी ठेवा. माझी हत्यारांची छोटी पेटीपण ठेवा."

दीड तास आतून स्क्रू पडल्याचे आणि पुटपुटण्याचे आवाज येत होते. मग दार किलकिलं झालं आणि टेपरेकॉर्डर बाहेर सरकला. पट्ट्याच्या जागी त्याने दोन रबरबँड एकात एक अडकवून बसवले होते. सासूबाईंनी त्याला निलगिरीचं तेल लावून असं पुसलं, की पुढे कितीतरी दिवस जिनावाणीला सर्दीच्या औषधाचा वास येत होता.

मी भाग चार लावला. रबरबँडमुळे वेग जरा मंद होता. त्यामुळे माझ्या अकरा वर्षांच्या भावाचा किरटा आवाज एखाद्या पेन्शनर आजोबांसारखा आला, "हेऽऽ जिनावाणीचंऽऽ..." लेक जमिनीवर लोळून हसली. आतून नवराही हसला, मग खोकला, मग परत हसला. बातम्यांच्या मध्येच कुठूनतरी एक बाई कडाडली, "दूध उतू गेलं ना! कुठे मेलीत दोघं?" ती माझी आई. मी तिला लगेच फोन लावून ते ऐकवलं. ती ठामपणे म्हणाली, "हा माझा आवाज नाही. मी असं कधीच बोलत नव्हते."

मग मी भावाला फोन केला. तो पुण्यात होता. आमचं भांडण नव्हतं, पण दोन वर्षांत आमचं बोलणं वाढदिवस, भाऊबीज आणि आईच्या गुडघ्यांवर येऊन थांबलं होतं. त्याने फोन उचलला तोच घाबरून, "काय झालं? सगळे ठीक आहेत ना?"

"ठीक आहेत. हे ऐक," म्हणून मी फोन टेपरेकॉर्डरला लावला.

मग तो चाळिशीकडे झुकल्यासारख्या जाड आवाजात, एक शब्दही न चुकता, हवामानाचा अंदाज म्हणायला लागला. मी बातम्या द्यायला लागले. आम्ही पाऊण तास बोललो. त्याचं ऑफिस अर्धं रिकामं होतं, मुलाला घराबाहेर सोडायला त्याची बायको तयार नव्हती, आणि त्याला रोज सकाळी उठल्यावर स्वतःच्या कपाळाला हात लावून बघायची सवय लागली होती. हे त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मीपण बघते," मी म्हणाले.

"हो का?" तो म्हणाला, आणि त्याला फार बरं वाटल्याचं मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून जिनावाणी परत सुरू झाली. जिना नव्हता, म्हणून आम्ही न्हाणीघरात रेकॉर्ड करायचो. तिथे आवाज चांगला घुमायचा. सकाळी कार्यक्रम तयार करायचा आणि दुपारी टेपरेकॉर्डर नवऱ्याच्या दाराबाहेर स्टुलावर ठेवून मोठ्याने लावायचा. लेक निवेदिका झाली. मी तिला सुपातला पाऊस शिकवला. वीस वर्षांनी पावसासाठी सूप हातात घेतलं आणि हाताला सगळं आठवलं. आधी हळू, मग तिरपं, मग एकदम झोडपून. मलाच नवल वाटलं. वर्गात मी रोज बोलते, पण इतकं मोकळं, कसलाही धडा न शिकवता बोलून मला कितीतरी वर्षं झाली होती.

नवरा दाराखालून चिठ्ठ्या सरकवायला लागला. 'श्रोत्यांची पत्रं' असं सदरच सुरू करावं लागलं. "निवेदिकेचा आवाज गोड आहे. मात्र तिने गृहपाठ केला का, याचा खुलासा व्हावा." "कालच्या पावसाने माझी खोली गळाली."

फक्त सासूबाई येईनात. "आजी, तू बातम्या दे," म्हणून लेक मागे लागली, तर त्या म्हणाल्या, "नको गं. माझं बोलणं रेडिओचं नाही."

त्यांचं माहेर-सासर दोन्ही सटाण्याकडचं. घरची बोली अहिराणी. दहा वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे राहायला आल्या, तेव्हा शेजारच्या एका हळदीकुंकवात त्या सहज 'आहे'ऐवजी 'शे' म्हणाल्या आणि दोघीतिघी हसल्या. वाईट हेतूने नसतील हसल्या. पण तेव्हापासून त्या आमच्याशी एकेक शब्द पाखडून, पुस्तकासारखं बोलायच्या. बहिणीचा फोन आला, की गॅलरीत जाऊन दार लोटून घ्यायच्या. मला हे दिसत होतं. मी कधी काही बोलले नव्हते, आणि त्याची मला त्या दिवशी लाज वाटली.

मी म्हणाले, "आई, तुम्ही तुमच्या बोलीत द्या ना बातम्या. आमच्या केंद्रावर सगळं चालतं."

"कोणाला कळणार?"

"ज्याला ऐकवायच्या आहेत त्याला कळेल."

त्यांनी दाराकडे बघितलं. मग उठल्या, पदर खोचला, न्हाणीघरात पालथ्या बादलीवर जाऊन बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू बाहेर जा. ही पोरगी राहू दे."

काय रेकॉर्ड झालं ते मला दुपारी सगळ्यांबरोबरच कळलं. लेकीची घोषणा झाली आणि मग सासूबाईंचा आवाज आला. पण तो आमच्या ओळखीचा आवाजच नव्हता. मोठा, मोकळा, शेताच्या या बांधावरून त्या बांधावर जाईल असा.

"राम राम मंडळी! आते आयका बातम्या. आमना घरमा एक मानूस बिमार शे. पन त्याले काही व्हयेल नही. नुसता नाटकं करी ऱ्हायना. दुपारले दोन भाकरी खाई ग्या!"

पुढे गावची बातमी होती, मक्याची होती, बहिणीच्या व्यालेल्या म्हशीची होती. मला अर्धं कळलं, अर्धं अंदाजाने. आत मात्र एकदम चिडीचूप. बातम्या संपल्या तरी आवाज नाही. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभ्या होत्या. मलाही धाकधूक वाटायला लागली.

मग चिठ्ठी आली. लेकीने अडखळत वाचली, "श्रोता खूश शे. पन बातमी खोटी शे. भाकरी दोन नही, तीन व्हत्यात."

सासूबाई इतक्या हसल्या, की त्यांना खाली बसावं लागलं. नंतर नवऱ्याने मला सांगितलं, आईला असं बोलताना त्याने वडील गेल्यानंतर ऐकलंच नव्हतं. लगेच चिठ्ठी लिहायला त्याचा हात उठेना.

सात दिवस संपले. डॉक्टरांनी त्याला मोकळं केलं, शाळाही उघडल्या. भाऊ गणपतीत सहकुटुंब आला. आम्ही दोघं भावंडं, सगळ्यांदेखत, न्हाणीघरात शिरून तासभर कार्यक्रम करत बसलो आणि बाहेर आंघोळीसाठी रांग लागली. माझी आईही आली होती. तिने मुलाखत द्यायला साफ नकार दिला. कारण विचारलं, तर म्हणाली, "तुम्ही माझ्या आवाजात काहीही घालता."

सासूबाईंचं गॅलरीत जाणं बंद झालं. बहिणीचा फोन आला, की हॉलमध्ये बसून, सगळ्या इमारतीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागल्या. लेक त्यांच्या शेजारी बसून मधेच चार शब्द टाकायची आणि तिकडून बहीण खिदळायची. दिवाळीत त्या गावी निघाल्या, तेव्हा टेपरेकॉर्डर मागून घेतला. म्हणाल्या, बहिणीला जात्यावरची गाणी येतात, ती भरून आणते. लाल बटण कोणतं, ते लेकीने त्यांना तीनदा दाखवलं.

पंधरा दिवसांनी त्या एसटीने परत आल्या, मांडीवर पिशवी आणि पिशवीत तीन कॅसेटी. गाणी एकाच कॅसेटवर होती. बाकीच्या दोन्हींवर त्यांनी बटण दाबून नुसताच टेपरेकॉर्डर ओट्यावर ठेवून दिला होता. म्हशीच्या गळ्यातली घंटा, चुलीत फुटणारं लाकूड, दोन म्हाताऱ्या बहिणी कोणाची तरी मनसोक्त नालस्ती करताहेत आणि मधेच एक दुसरीला म्हणतेय, "हळू बोल, ते चालू शे!" आम्ही त्या दोन्ही कॅसेटी त्या संध्याकाळी जेवण थंड होईपर्यंत ऐकत बसलो.